मला लिहिता येतं, चित्रंही काढता येतात

६ सप्टेंबर १९१४, रविवार. 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या पुरवणीत त्या दिवशी काही छायाचित्रं छापून आली. टेबलावर एक तरुणी उताणी पडली आहे. मानेपासून पावलांपर्यंत तिला पांढऱ्या चादरीत घट्ट गुंडाळलंय. भोवतीच्या पुरुषांनी तिला दाबून धरलंय, आणि डॉक्टर तिच्या नाकात घातलेल्या नळीत वरून दूध ओततोय.

ही तरुणी आजारी नव्हती आणि कैदीही नव्हती. ती त्या लेखाची लेखिका होती. वय वर्षं २२, नाव जूना बार्न्स. मराठी कानाला हे नाव भलतंच ऐकू येईल, पण तिच्या घरात सगळीच नावं जगावेगळी होती. भावांची नावं थर्न, झेंडन, सॅक्सन आणि शँगर. बाप नावं शोधून काढायचा आणि पोरं ती आयुष्यभर वागवायची.

तिने हा उपद्व्याप का केला, ते सांगायला हवं. ब्रिटनमध्ये मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या स्त्रिया अन्नत्याग करत होत्या. त्याची सुरुवात जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉप या बाईने केली. तीही व्यवसायाने चित्रकार होती, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. तिला सोडून द्यावं लागलं. पण त्याच वर्षी सप्टेंबरपासून सरकारने दुसरा मार्ग धरला: अन्न नाकारणाऱ्या बाईला आवळून धरायचं आणि नाकातून किंवा तोंडातून नळी घालून पोटात दूध नाहीतर पातळ पेज ओतायची. ही रीत ब्रिटनपुरती राहिली नाही. त्याच सुमारास साहेबाच्या राज्यात, अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये, अन्न सोडणाऱ्या राजबंद्यांवरही हाच प्रयोग चालू होता. मराठी वाचकाला त्याची ओळख 'माझी जन्मठेप'मुळे आहे. आणि जुलै १९१४ मध्ये बेकी एडेलसन या अराजकवादी तरुणीने खुद्द न्यू यॉर्कच्या ब्लॅकवेल्स बेटावरच्या तुरुंगात उपोषण केलं, तेव्हा हा विषय न्यू यॉर्ककरांच्या दारात येऊन ठेपला.

नळी घातल्यावर नेमकं काय होतं, हे वाचकाला कुणी सांगायचं? जूना म्हणाली, मी सांगते.

तो लेख आज वाचतानाही घशात काहीतरी अडकतं. लांब, अंधूक उजेडाची वाट. पुढे चाललेल्या डॉक्टरांच्या पावलांचा आवाज. त्या चालीला तिने दिलेली उपमा अशी, की प्रेतयात्रा आटोपून परतणारे घोडे जसे चालत असतील, तशी. इथेच कळतं, की ही बाई नुसती बातमीदार नाही. मग नाकपुड्यांत बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा. मग लाल रबरी नळी. नाकातून घशात, घशातून खाली. आपल्या अंगात इतक्या शिरा आहेत आणि त्यांना इतकं दुखतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर तुरुंगाच्या दवाखान्यांतल्या शेकडो बायका आल्या, अशाच बांधलेल्या, अशाच चादरीत गुंडाळलेल्या. मी तर सोंग करत होते, असं ती लिहिते, तरी माझं शरीर माझ्या हातून हिसकावून घेतल्याचा इतका संताप मला आला. ज्यांच्यावर खरोखरीच ही वेळ आली त्यांचं काय झालं असेल?

ती हेही लपवत नाही, की आपला हा एक प्रयोग होता. ही कबुली मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या कुणीही आपण हुतात्मा झाल्याचा आव आणला असता.

बातमीच्या हिशेबाने मात्र विषय शिळा झाला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रिटन महायुद्धात उतरलं. सरकारने मताधिकारवाल्या स्त्रियांना तुरुंगातून सोडून दिलं आणि त्यांच्या जहाल पुढाऱ्यांनी आंदोलन थांबवलं. लेख छापून आला तेव्हा तिकडच्या तुरुंगातल्या त्या नळ्या गुंडाळून ठेवल्या गेल्या होत्या. तरी लेख टिकला. युद्धाच्या त्या पहिल्या महिन्यातल्या किती ठळक बातम्या आज कुणी वाचतं?

बाईमाणसाने जिवावर उदार होऊन बातमी आणायची, ही 'वर्ल्ड'ची जुनी परंपरा. १८८७ मध्ये याच पत्रासाठी नेली ब्लाय वेडाचं सोंग घेऊन ब्लॅकवेल्स बेटावरच्या वेड्यांच्या इस्पितळात जाऊन राहिली होती. अशा बायकांना संपादक खपासाठी वापरून घेत, आणि त्या बायकाही संपादकांना वापरून घेत. जूनाचा हिशेब साधा होता. तिला पैसे हवे होते. घरी आई होती, भाऊ होते आणि मिळवती तीच.

त्या घराची कथा ऐकण्यासारखी आहे. १२ जून १८९२ रोजी न्यू यॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या स्टॉर्म किंग डोंगरावर, ओंडक्यांच्या एका घरात जूना जन्मली. बाप वॉल्ड बार्न्स. त्याला संगीत येत होतं, चित्रकला येत होती, कमावणं तेवढं येत नव्हतं. बहुपत्नीत्वावर त्याची गाढ श्रद्धा. श्रद्धा असून भागत नाही म्हणून त्याने १८९७ मध्ये फॅनी क्लार्क या बाईला घरातच आणून ठेवलं. दोन्हीकडच्या पोरांचं लेंढार वाढलं आणि ते सांभाळायचं काम थोरल्या जूनाच्या गळ्यात पडलं. खर्च भागवी आजी. झेडेल बार्न्स ही आजी स्वतः पत्रकार आणि लेखिका, स्त्रियांच्या हक्कांची पुरस्कर्ती, एके काळी लंडनमध्ये साहित्यिकांच्या बैठका भरवलेली. आता ती ओळखीपाळखीच्या लोकांना गळेपडू पत्रं लिहून मुलाच्या दोन संसारांसाठी पैसे मागत असे. पत्रं उत्तम असावीत, पैसे येत. लेखणीने घर चालवता येतं, हा धडा नातीने तिथेच गिरवला असणार.

शाळा जवळजवळ नाहीच. आजी आणि बाप घरीच शिकवत: लेखन, चित्रं, वाजवणं. गणित आणि शुद्धलेखन कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. तिचं स्पेलिंग जन्मभर कच्चंच राहिलं.

अठरावं पुरं व्हायच्या आत, १९१० मध्ये, घरच्यांनी तिची गाठ पर्सी फॉकनर नावाच्या गृहस्थाशी बांधून दिली. तो फॅनीचा भाऊ, वय वर्षं ५२. ना पाद्री, ना नोंदणी. घरातल्या घरात उरकलेला विधी. आपल्याकडे देवलांची 'शारदा' रंगभूमीवर येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बालाजरठविवाह हे आपल्याच समाजाचं लांच्छन अशी आपली समजूत; अमेरिकेतल्या स्वतःला पुढारलेलं म्हणवणाऱ्या घरातही तेच होत होतं, आणि संमती देणाऱ्यांत ती स्त्रीहक्कवाली आजीही होती. जूना दोनेक महिन्यांत तिथून निघून आली.

१९१२ मध्ये बापाचा डोलारा कोसळला. आई मुलांना घेऊन न्यू यॉर्क शहरात आली आणि तिने घटस्फोट मागितला. जूनाने ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकलेला नाव घातलं, ते जेमतेम सहा महिन्यांपुरतं. पुढे मॅनहॅटनच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्येही ती काही दिवस गेली. पण शिकायला सवड कुठे होती! जून १९१३ मध्ये ती 'ब्रुकलिन डेली ईगल' या दैनिकाच्या कचेरीत शिरली आणि तिने सांगून टाकलं, की मला लिहिता येतं, चित्रंही काढता येतात, मला ठेवून घेतलं नाहीत तर तुम्ही मूर्ख ठराल. त्यांनी ठेवून घेतलं.

या वाक्यातल्या फुशारकीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. मला त्यातला व्यवहार दिसतो. लेखाबरोबर चित्र लागायचंच. ते दुसऱ्याकडून काढून घ्यायचं तर दुसऱ्याला पैसे. ही मुलगी एकटीच दोन्ही कामं करणार होती. शिवाय काळ्या शाईतलं रेखाचित्र वर्तमानपत्राच्या भुरकट कागदावर छायाचित्रापेक्षा नेटकं उठायचं. तिची रेघ त्या कागदाला मानवणारी होती: काळ्याचे मोठे सपाट ठोकळे, बाजूला कोरा कागद, आणि मधूनच एखादी नागमोडी बारीक रेघ. इंग्रज चित्रकार ऑब्री बिअर्डस्लीची छाया तिच्यावर उघड आहे. पण बिअर्डस्लीची माणसं दिवाणखान्यातली, तर हिची रस्त्यावरची: भाषण ठोकणारे, गोदीवरचे, नाटकवाले, टवाळ.

पुढच्या सहा-सात वर्षांत शहरातल्या बहुतेक सगळ्या पत्रांत तिचं नाव झळकलं. तिचे विषय पाहिले तर ही बाई कुठेच बसून राहिलेली दिसत नाही. १९१४ मध्ये ती मुष्टियुद्ध पाहायला गेली, आणि रिंगणाकडे पाहण्याऐवजी प्रेक्षकांतल्या बायकांकडे पाहत बसली. रक्त बघायला या का आल्या, यांना यातून काय मिळतं, हाच तिच्या लेखाचा विषय झाला. त्याच वर्षी आग विझवणाऱ्या जवानांचं शिक्षण कसं चालतं ते कळावं म्हणून तिने स्वतःला उंचावरून दोराने उतरवून घेतलं. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात दिना नावाची गोरिला मादी आली, तर हिने तिची मुलाखत घेतली! मुलाखत म्हणजे सगळे प्रश्न हिचे आणि बहुतेक उत्तरंही हिचीच. पण त्यात गंमत अशी, की शहराच्या गर्दीत नवखी आलेली एक मुलगी दुसरीची विचारपूस करते आहे, असा तो सूर लागतो.

१९१५ मध्ये तिने जेस विलार्ड या विश्वविजेत्या मुष्टियोद्ध्याला बोलतं केलं. कामगारांची पुढारी मदर जोन्स, सभा गाजवणारा धर्मप्रचारक बिली संडे, छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ अशी कितीतरी माणसं तिच्या तावडीत सापडली. या मुलाखतींत माणूस जे बोलला असेल त्यापेक्षा अधिक देखणं बोलताना आढळतो. सगळ्यांच्या तोंडी जूनाचीच वाक्यं. आजच्या निकषावर हे काही शुद्ध वार्तांकन नव्हे, आणि मी त्याची वकिली करणार नाही. मात्र प्रत्येकाचं एक शब्दचित्र आणि एक रेखाचित्र हाती लागतं. टाक तोच, फक्त एकदा अक्षर काढायचं आणि एकदा नाक.

मताधिकारवाल्या स्त्रियांबद्दलही तिला भाबडी भक्ती नव्हती. चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांनी वक्त्या बायकांना दिलेला उपदेश, म्हणजे आक्रमक पवित्रा घेऊ नका आणि पुढून पाऊल दिसेल असा पोशाख नको, तिने छापून त्याची यथेच्छ टिंगल केली. नाकात नळी घालून घेणारी आणि ही टिंगल करणारी बाई एकच.

तिने वर्तमानपत्राची नोकरी कशी सोडली, याची तिनेच पुढे सांगितलेली एक हकीगत आहे. बलात्कार झालेल्या एका मुलीची मुलाखत आण, असा हुकूम सुटला. ती युक्तीने इस्पितळात शिरली आणि त्या मुलीशी बोलली. बाहेर आल्यावर आपण काय केलं याची तिला शिसारी आली. मजकूर द्यायला तिने नकार दिला आणि तिला घरी बसवण्यात आलं. स्वतःच्या नाकात नळी घालून घेण्यापर्यंत तिची तयारी होती. दुसरीच्या जखमेत बोट घालायची नव्हती.

तोवर, १९१५ मध्येच, ती आईचं घर सोडून ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहायला आली होती. न्यू यॉर्कमधली ही कलंदरांची वस्ती: कवी, चित्रकार, समाजवादी, उधारीवर जगणारे. त्यांत गुइडो ब्रूनो नावाचा एक पक्का व्यापारी होता. आपल्या माळ्यावर कलावंत कसे राहतात ते बघायला तो प्रवाशांकडून चक्क प्रवेश फी घेई. त्याने १९१५ मध्ये तिचं पहिलं पुस्तक काढलं, आठ कविता आणि पाच चित्रं, किंमत पंधरा सेंट. 'किळसवाण्या बायकांचं पुस्तक' असा त्याच्या नावाचा अर्थ. पुढे तिला त्याची इतकी लाज वाटे, की हाती लागतील त्या प्रती ती जाळून टाकी. पण कॉपीराइटची नोंदच झालेली नव्हती. ती जिवंत असतानाच लोकांनी ते पुन्हा छापलं आणि ती काही करू शकली नाही.

याच काळात प्रॉव्हिन्सटाउन प्लेयर्स या नाटकमंडळीने तिच्या तीन एकांकिका केल्या. त्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

१९२१ मध्ये 'मॅकॉल्स' मासिकाने तिला पॅरिसला धाडलं. गेली ती लेख पाठवायला आणि राहिली दशकभर. जेम्स जॉइसच्या नावाने ओळखीची चिठ्ठी तिच्यापाशी होती. फेब्रुवारी १९२२ मध्ये त्याची 'युलिसिस' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एप्रिलच्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये जूनाने रंगवलेला जॉइस आला, तिच्या हातच्या चित्रासकट. जॉइस सहसा कुणाला जवळ करत नसे, पण हिला तो 'जिम' म्हणू द्यायचा. असामान्य विषयांना लेखकाने हात लावू नये, ते काम पत्रकाराचं, असं त्याने तिला सुनावल्याचं सांगतात. समोर बसलेल्या बाईने आठ वर्षं असामान्यावरच पोट भरलं होतं. गोरिला, मुष्टियोद्धे, रबरी नळी. तिला ते लागलं असेल का? 'युलिसिस' वाचून ती म्हणाली होती, की यानंतर एक ओळही लिहायची कुणाची छाती होणार! पण मग लिहीत राहिली.

१९२८ या एका वर्षात तिची दोन पुस्तकं आली. 'रायडर' ही कादंबरी म्हणजे बापाच्या घराचा काढलेला वचपा. चित्रं अर्थातच तिची. अमेरिकेच्या टपाल खात्याने डोळे वटारले, कारण एका चित्रात एक म्हातारी लघवीच्या भांड्यावर बसलेली होती, आणखीही काही होतं. काही चित्रं गेली, मजकुराला कात्री लागली. तेव्हा जूनाने हट्ट धरला, की जिथे जिथे कापलंय तिथे तिथे फुल्या छापा. वाचकाला भोकं दिसू देत. तशी फुल्यांची कादंबरी काही दिवस चांगली खपलीसुद्धा.

दुसरं 'लेडीज अल्मनॅक', पॅरिसमधल्या नॅटली बार्नी यांच्या बैठकीतल्या, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचं थट्टेखोर पंचांग. बारा महिने आणि जुन्या लाकडी ठशांच्या वळणाची चित्रं. लेखिकेचं नाव नाही. 'युलिसिस' ज्याने छापली त्याच दिजाँच्या दारांतिएरने ते छापलं, १,०५० प्रती. त्यांतल्या काहींत तिने हाताने रंग भरले, आणि मैत्रिणींनी मिळून पॅरिसच्या रस्त्यांवर फिरून त्या विकल्या. माझ्या मते लेखणी आणि कुंचला हातात हात घालून चालतात, असं तिचं हे सर्वांत यशस्वी पुस्तक. समीक्षक 'नाइटवुड'चं नाव घेतील. घेऊ देत.

'नाइटवुड' ही कादंबरी १९३६ ची. थेल्मा वुड या शिल्पकार-चित्रकार मैत्रिणीबरोबरचा काही वर्षांचा संसार मोडला, त्या दुःखातून ती आली. पेगी गुगेनहाइम या धनाढ्य मैत्रिणीने इंग्लंडमध्ये डेव्हनला भाड्याने घेतलेल्या वाड्यात बरीचशी लिहून झाली. कवी टी. एस. एलियटने ती संपादित केली आणि अमेरिकन आवृत्तीला प्रस्तावना जोडली. नाव झालं, पैसा नाही. आणि तिच्यात चित्रं नाहीत.

मग दारू, आजारपण, १९३९ मध्ये लंडनच्या हॉटेलात जीव द्यायचा प्रयत्न, आणि परत न्यू यॉर्क. १९४० च्या सुमारास ग्रीनिच व्हिलेजमध्येच, पॅचिन प्लेस या बोळातल्या पाच नंबरच्या इमारतीत, तिने एक लहानशी जागा घेतली आणि पुढची चाळीसेक वर्षं ती तिथून हलली नाही. समोर कवी ई. ई. कमिंग्ज राहायचा. तो अधूनमधून खिडकीतून ओरडून विचारी, "जूना, आहेस का जिवंत अजून?"

१९५० मध्ये तिने दारू सोडली, १९५८ मध्ये 'द अँटिफॉन' हे पद्यनाटक छापलं. १९६१ मध्ये त्याचा प्रयोग स्टॉकहोमला झाला. स्वीडिश भाषांतर करणाऱ्यांत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस दाग हामरशल्ड होते. पण भेटायला येणाऱ्यांना ती दाराबाहेरूनच वाटेला लावी. ग्रीनिच व्हिलेजमध्येच बायकांनी पुस्तकांचं दुकान काढून त्याला हिचं नाव दिलं, तर हिने फोन करून ते बदलायला फर्मावलं. शतकातली सर्वांत प्रसिद्ध अज्ञात लेखिका आपणच, असं ती स्वतःबद्दल म्हणे, आणि अज्ञात राहायची काळजीही स्वतःच घेई.

ज्या लेखांवर आईची आणि भावांची चूल पेटली त्यांना ती किंमत देत नसे. पोटासाठी खरडलेलं ते, असाच तिचा भाव. इथे मी तिच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. 'नाइटवुड' पुरी करायला मला तीनदा सुरुवात करावी लागली, आणि कबूल करतो, की मधली काही पानं अजून माझ्या डोक्यावरूनच जातात. 'वर्ल्ड'मधला तो लेख एका दमात वाचून झाला. त्यातली वाक्यं तिच्या उतारवयातल्या वाक्यांइतकी नक्षीदार नाहीत. छपाईची वेळ डोक्यावर होती आणि समोर ट्रामने कामाला जाणारा वाचक होता. त्या घाईने तिचं नुकसान केलं असं तिला वाटे. मला वाटतं, त्या घाईनेच तिला सरळ उभं केलं. पोटासाठी लिहिणारीला दुसऱ्याच्या पोटात काय ओतलं जातंय ते नीट कळलं.

१८ जून १९८२ रोजी, नव्वदी ओलांडून सहा दिवस झाले असताना, ती गेली. तिच्या मुलाखतींचा संग्रह १९८५ मध्ये आला, न्यू यॉर्कवरच्या लेखांचा १९८९ मध्ये. २०१२ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने तिच्या वृत्तपत्री कामाचं, म्हणजे लेख आणि रेखाटनं दोन्हींचं, प्रदर्शन भरवलं. 'ईगल'च्या कचेरीत ऐकवलेलं तिचं ते वाक्य त्याच म्युझियममध्ये कोरलेलं आहे.

१९१४ चा तो लेख आता कॉपीराइटच्या बंधनात नाही, आणि फार मोठाही नाही. मिळवून वाचा. फक्त जेवायला बसण्यापूर्वी नको.